लिंबवाडीला गाव करण्याबाबत

लिंबवाडी,
ता. दक्षिण सोलापूर

ती. रत्नदीपमामांस बुद्धप्रियाचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? चिंचोळीच्या कारखान्यात अजून उभ्यानेच काम आहे का? आईचा खोकला गेला, आवाज मात्र होता तसाच आहे.

पत्रास कारण, आमची वाडी स्वतंत्र गाव व्हावी म्हणून मी अर्ज केला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुणे विभाग, त्यात सोलापूर जिल्हा, त्यात तालुका, मग मंडळ, तलाठ्याचा सजा आणि गाव; सरकारची शिडी तिथे संपते. वाडी म्हणजे थोरल्या गावाचा नुसता तुकडा. (घरात पहिली बी.ए. मी झाले, तेव्हा कळलं की आपण शिडीच्या खाली उभे आहोत.) सोलापूरचा रस्ता आमच्या दारातून जातो, पण दाखला आणि रेशन ओढ्यापलीकडे, थोरल्या गावात. पावसाळ्यात ओढा भरला की नागूबाईआजी रेशनाशिवाय बसते.

अखेर मंगळवारी चौकशीला साहेब आले. मी सगळ्यांना बजावलं होतं की, थोरल्या गावावाचून आपलं चालतं एवढंच त्यांना दिसू द्या. सगळे व्हय म्हणाले. पण साहेबांना शाल कुणाच्या हातानं द्यायची यावर खल झाला. वाडीतल्या एकानं दिली तर दुसरा रुसणार. शेवटी धोंडप्पाकाकांनी मोटारसायकल काढली आणि थोरल्या गावच्या सरपंचांनाच, म्हणजे ज्यांच्यापासून वेगळं व्हायचं त्यांनाच, मागं बसवून आणलं. (शाल-नारळही तिकडूनच. वाडीत दुकान नाही.) सरपंचांनी "आमची लिंबवाडी" म्हणत भाषण केलं. सगळ्यात जोरात टाळ्या नागूबाईआजीच्या.

साहेब मला म्हणाले, "ताई, हे तर नांदतं घर आहे. वाटणी कशाला मागता?" मी त्यांना ओढा दाखवायला नेलं. ओढा कोरडा होता.

मी काकांवर चिडले, तर म्हणतात, "आगं पोरी, वाटणी मागितली म्हणून मान द्यायचा न्हाय व्हय?" हा धडा बी.ए.ला नव्हता.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
बुद्धप्रिया

ता.क. साहेब भले आहेत. ओढ्याला पाणी आलं की पुन्हा येतो म्हणाले. या खेपेला शाल तुम्ही द्यायची. तुम्ही पाहुणे, म्हणून कुणी रुसणार नाही. निळा कोट घालून या. गुडघ्याची चौकशी त्यासाठीच केली.

आणखी एक : पत्र वाचून दाखवलं. आई म्हणते, सरपंचांना बोलावलं नाही तर बरं दिसणार नाही. मी म्हटलं, ओढा भरलेला असताना ते येणार कसे? धोंडप्पाकाका म्हणाले, "आदल्या दिवशीच आणून ठिवू की." तेव्हा त्या रात्री तुमची आणि सरपंचांची अंथरुणं एकाच खोलीत घालणार आहे.