पडद्यावरचा डाग

१८ नोव्हेंबर

ठकूबाई,

बापाचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोनवर बोललो असतो, पण आई शेजारी बसून हातवारे करते आणि मी "हो हो, मजेत" म्हणून मोकळा होतो.

आधी तुझ्या कॉम्प्युटरची बातमी. कॉलेजात असताना तू स्वतः जोडलेला तो डबा अजून चालतो आणि आई त्यावरच प्रुफं तपासते. मध्यंतरी पडद्यावर हिरव्या रेघा यायला लागल्या, मध्येच सगळं काळं व्हायचं. केबल बदलली, रेघा तशाच. शेजारच्यांचा पडदा आणून लावला, तरी तशाच. म्हणजे दुखणं ग्राफिक्स कार्डाचं. आई म्हणाली, "नवा घ्या ना." मी म्हटलं, "जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, ते काय उगाच?"

कार्ड बाहेर काढलं. पंख्यात इतकी धूळ, की उशी भरली असती. कार्डाची खाचेत बसणारी टोकं खोडरबराने घासली, चिप थंड ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली. सुरू केलं तर चित्र लख्ख! मी दोन दिवस मिशीला पीळ देत घरभर हिंडलो.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अहो, ओळी अजून वाकड्या दिसतात. आणि मधोमध डाग आहे."

मी जाऊन पाहिलं. काही नाही. इथेच माझा धंदा आडवा आला बघ. गिऱ्हाईक सांगायचं, रेडिओ रात्रभर खरखरला. आणि माझ्या टेबलावर आला की तोच शहाण्यासारखा गायचा. असा लपाछपी खेळणारा बिघाड असतो, गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं, हे मी शिकलो होतो. म्हणून मी तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवला आणि सगळा संशय कार्डावर घेतला.

पुन्हा उघडलं, पुन्हा पुसलं. जुन्या बाजारात तसलंच दुसरं कार्ड शोधत आठवडे घालवले. तोवर आई पडद्याला नाक लावून काम करत होती. मी म्हणायचो, "थोडी कळ काढ, कार्ड मिळालं की झालं." मिळालं, बसवलं. डाग तसाच.

मग एकदा जेवताना ती माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "अहो, तुमच्या नाकाच्या जागीही तो डाग आहे. तुमच्यातही कार्ड बसवलंय की काय?"

मी हसलो. आधी हसलो, हे तुला सांगितलंच पाहिजे. मग हातातला घास तसाच ताटात ठेवला.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्या डोळ्यात आतून रक्त साकळलंय. ओळी वाकड्या दिसायला लागल्या तेव्हाच आणायला हवं होतं. त्या डोळ्याची मधली नजर गेली, ठकू. ती परत येणार नाही. डावा अजून चांगला आहे, पण त्याचीही खात्री देता येत नाही म्हणाल्या. बाहेर आल्यावर आईने पहिलं काय विचारलं असेल? "म्हणजे कॉम्प्युटर बरा आहे ना?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी केबल बदलली, पडदा बदलला, कार्ड बदललं. "एकेक डोळा झाकून बघ गं," एवढं म्हणायला ना स्क्रू-ड्रायव्हर लागत होता, ना बाजारात जावं लागत होतं. ते काही केल्या मनातून जात नाही.

आता मी प्रुफं मोठ्याने वाचतो आणि ती ऐकून चुका काढते. "स्वल्पविराम गिळलात," म्हणून रागावते. तेवढ्यापुरतं घर पहिल्यासारखं वाटतं.

"पोरगी नव्या नोकरीत आहे, तिला कळवू नका," असं तिने बजावलंय. मी शब्द दिला होता. तो आज मोडतोय. तुझा चेहरा तिला नीट दिसतोय तोवर ये. रजा नाहीच मिळाली तर भांडून ये.

आजवर आईच्या नजरेखालून गेल्याशिवाय या घरातून एकही पत्र बाहेर पडलं नाही. हे पहिलंच. चुका राहिल्या असतील, पोटात घाल.

तुझा,
बाबा