आधी वाळवायचं, मग झाकायचं

प्रिय बोमसक,

देगूत आता सकाळी खिडकीची काच गार लागते. मी ठणठणीत आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून आधीच सांगून टाकते. बाहेरच्या खोलीतल्या उभ्या एसीची हिवाळ्याची आवराआवर काल संपली. ती कशी केली ते नीट वाच आणि हेरिमलाही वाचून दाखव. सासूच्या तोंडून तिला काही ऐकवत नाही, नवऱ्याच्या तोंडून तरी ऐकेल.

छुसकच्या सणाला तुम्ही आलात तेव्हा उकाडा सरला नव्हता. पितरांचं पान मांडल्यापासून तुम्ही निघेपर्यंत एसी चालूच होता. मी स्वयंपाकघरात तुमचे डबे भरत होते, तेवढ्यात हेरिमने तो बंद केला, कपाटातून खोळ काढली आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत घातली. वर म्हणते, "सासूबाई, आता थंडीत तुम्ही आमच्याकडेच येणार. कशाला उघडा ठेवायचा?" मी आतून विचारलं, नुसत्या पंख्यावर चालवून वाळवलात का? तू "हो हो" म्हणालास आणि प्लग उपटलास. तुझं "हो हो" मी तू शाळेत होतास तेव्हापासून ओळखते. तरीही विश्वास ठेवला. आणि मी तुमच्याकडे येणार हे कधी ठरलं, तेही मला त्या खोळीबरोबरच कळलं.

तुझे बाबा खोळ घालण्याआधी अर्धा दिवस नुसता पंखा चालू ठेवायचे आणि अंगात जाकीट घालून समोर पेपर वाचत बसायचे. मी टोचायचे, काय पहारा देताय? तर म्हणायचे, "ओल्या डोक्यानं कुणाला झोपवतात का?" हे तू दरवर्षी पाहिलं आहेस. विसरलास असं म्हणू नकोस.

गुरुवारी मी बाजारातून मुळे घेऊन आले, तर दाराशी परक्या माणसांचे बूट. माझ्या घरात, माझ्यामागे! आत एक दलाल आणि एक तरुण जोडपं. दलाल म्हणतो, "घाबरू नका आजी, मुलानेच दाराच्या कुलपाचा आकडा दिलाय." आणि माझ्यादेखत त्याने खोळ वर केली, एसीही घराबरोबर मिळेल म्हणून दाखवायला. आतून असा कुबट भपकारा आला की त्या पोरीने नाकावर हात धरला. दलाल हळूच तिला सांगतो, "एकटं माणूस म्हटलं की असंच. आजींना तरी किती झेपणार?" माझ्या हातात मुळे होते, चांगले दांडक्यासारखे. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बूट धड न घालताच निघाला.

मग तुझा फोन. "बघितलंस ना आई? घर तुला झेपत नाही, मी उगाच म्हणतो का?" म्हणजे ओल्यावर खोळ घालणार तुम्ही, आणि बुरशी मात्र माझ्या म्हातारपणाला लागलेली!

तर आता ऐक. जाळी काढून न्हाणीघरात मऊ ब्रशने धुतली आणि सावलीत वाळवली; उन्हात ती वाकडी होते. हवा येते त्या पट्ट्यांवर काळे ठिपके पडले होते, ते एकेक करून स्पिरिटने पुसले. खिडक्या उघडून वास जाईपर्यंत पंखा चालवला. मीही जाकीट घालून समोर बसले. गॅलरीतल्या एसीच्या यंत्रातला पालापाचोळा काढला आणि त्याला फक्त वरून झाकलं. चहूबाजूंनी गुंडाळलं की तेही आतून सडतं. रिमोटमधले सेल काढले. खोळ धुऊन, इस्त्री करून सगळ्यात शेवटी घातली. पुढच्या उन्हाळ्यात तो मीच सुरू करणार आहे, इथेच.

सेल काढता काढता दाराच्या आकड्यांच्या कुलपाचीही आठवण झाली, त्यातलेही बदलले. आणि हे पत्र त्यासाठीच आहे. शनिवारी तू दलालाला घेऊन येणार आहेस, हे त्याच्याच तोंडून शेजारच्या दोकसूच्या आईला कळलं, म्हणून मला कळलं. दाराला तुझ्या जन्मतारखेचा आकडा होता. बाबांनी ठेवला होता. पोरगा कितीही वाजता आला तरी त्याला बाहेर उभं राहायला लागू नये म्हणून. तो आकडा आता चालणार नाही. मी बदलला. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणाला असतास, म्हणून लिहून कळवते. घर माझ्या नावावर आहे आणि मी त्यात आहे. यायचं तर घंटी वाजव. एकटा आलास तर उघडेन. त्या मुळ्यांचं किमची तोवर आंबलेलं असेल. कुणाला बरोबर आणलंस, तर वाजवत बस.

तुझीच,
दाराच्या आतली
आई