काउंटरला बसायचा चेहरा

३ फेब्रुवारी, सोमवार
आणि वर मलाच म्हणतो, मावशी, आधी चेहऱ्याचं बघा! बावीस वर्षं ह्याच्या लाँड्रीत मागच्या खोलीत वाफ खातेय मी. खिडकी नाही. पंखा आहे, पण इस्त्री गार होते म्हणून तो बंद. काउंटरवरची मुलगी एप्रिलपासून बाळंतपणाला जाणार. तिची खुर्ची मला द्या म्हटलं, तर मालक माझ्या हनुवटीकडे बघून म्हणे गिऱ्हाईक घाबरेल. सत्तेचाळीसाव्या वर्षी पुटकुळ्या आल्या त्या कुणाच्या वाफेनं?
एकतीस मार्चपर्यंत चेहरा साफ करून दाखवते. डाग काढणं माझा धंदा आहे.

५ फेब्रुवारी
टूथपेस्ट लावून बघितली. आग आग. नापास.

९ फेब्रुवारी, रविवार
आता पद्धतशीर. कपाळाला मातीचा पॅक, उजव्या गालाला काउंटरवालीनं दिलेलं सीरम, डाव्या गालाला साधा साबण, हनुवटीला औषधवाल्याची ट्यूब. तो म्हणाला, रात्री एकदाच, मुगाएवढी. मुगानं कधी कुणाचा डाग गेलाय? अजून बरंच बडबडत होता, मला घाई होती. पोरगी म्हणते, आई, खोक्यातला कागद वाच. चौथी शिकलेय मी, पण असली मुंगीएवढी अक्षरं नव्हती चौथीला.

२० फेब्रुवारी
निकाल. माती: कपाळ जुन्या भिंतीसारखं तडकलं. सीरम: गाल चकाचक, पुटकुळ्याही चकाचक. साबण: कामचुकार, ना बरं ना वाईट. ट्यूब: आधी सालटं निघाली, आता हनुवटीवरच्या पुटकुळ्या बसायला लागल्यात. बाकी सगळ्यांना सुट्टी. ट्यूबच सगळीकडे. कामावरही तीनदा लावते, एप्रनच्या खिशातच असते.

२४ फेब्रुवारी
पोरीच्या आणि माझ्या निळ्या उशीवर पांढरे ढग. घरमालकाच्या टाकीचं पाणी, दुसरं काय! वर जाऊन चांगला झापला. बिचाऱ्यानं माफी मागितली. म्हणजे चूक त्याचीच होती.

३ मार्च
हॉटेलच्या वेटरांचे गडद निळे कोट आले होते. तिघांच्या कॉलरवर नारिंगी चट्टे. मालक किंचाळला. मी बघताक्षणी ओळखलं, ब्लीच. म्हणजे मशीनवाला. फेसबाबा म्हणतो आम्ही त्याला, पावडर ओततोच तशी.

११ मार्च
आणखी सहा कोट, सगळे कॉलरवरच. मालकाला समजावून सांगितलं की बावीस वर्षांचा अनुभव खोटं बोलत नाही. फेसबाबा म्हणे, ताई, ब्लीच तर कुलपात असतं. मी विचारलं, किल्ली कुणाकडे?
चेहऱ्यावर तीनच उरल्यात. आज मालकानं बोलताना पहिल्यांदा हनुवटीच्या वर बघितलं.

१८ मार्च
हॉटेलवाला म्हणाला, आणखी एक कोट खराब झाला तर काम दुसरीकडे. फेसबाबाला घरी बसवलं. डबा उचलून निघाला. जाताना म्हणाला, ताई, दोन पोरं आहेत मला. जरा वाईट वाटलं. पण चूक ती चूक. शिवाय काउंटरवर बसणाऱ्या माणसाला कडक राहावं लागतं.

२२ मार्च
तो घरी आहे आणि चट्टे दुप्पट! मालकानं हॉटेलवाल्याकडून कसाबसा एक आठवडा मागून घेतलाय. जाताना मशीनला काहीतरी करून गेलाय. शंकाच नाही.

२७ मार्च, गुरुवार
मालकानं त्याला परत बोलावलं. सगळ्यांसमोर एक कोट धुवायला लावला. कोट स्वच्छ. मग मला म्हणाला, मावशी, तुम्ही घडी घाला. घातली, रोजच्यासारखी. कॉलर हनुवटीखाली दाबायची, दोन्ही बाह्या मागे. एवढा जड कोट नुसत्या हातांत मावतो का कुणाच्या? फेसबाबा दारातून बघत होता. म्हणाला, ताई, खिशात काय आहे?
काढून दाखवली ट्यूब. लपवायला मी काय चोर आहे?
त्यानं कोटाच्या एका चिंधीवर थोडी फासून ठेवली.

२८ मार्च
चिंधी नारिंगी. काउंटरवालीनं पोरीकडचा कागद मागवून मोठ्यानं वाचला. रंगीत कपड्याला लागू देऊ नका, रंग उडतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. एक पुटकुळी नव्हती त्यावर. फेसबाबा मशीन सुरू करता करता म्हणाला, चेहरा मात्र झकास झालाय हो ताई. मला मेलीला त्याला साधं चुकलं म्हणता आलं नाही. इस्त्री घेऊन वळले.

३१ मार्च, सोमवार
काउंटर नाही. मालक म्हणे, मावशी, तिथं गिऱ्हाइकाचे रंगीत कपडे हातात घ्यावे लागतात. उद्यापासून मला दवाखान्याच्या चादरी. सगळ्या पांढऱ्या. खोली मागच्या खोलीच्याही मागची.
ट्यूब सोडते म्हटलं. तर म्हणे, मग पुटकुळ्या येतील ना परत? येतील तर येऊ देत म्हटलं. तर म्हणे, मग गिऱ्हाईक घाबरेल. मग काय करू म्हटलं. तर म्हणे, बघू.
बघू बिघू चालणार नाही. तोंडावर सांगून आले त्याला. लावू का सोडू, एक काय ते बोला. शनिवारी पाच तारखेला, दुकान बंद व्हायच्या आत मला उत्तर पाहिजे.