अडीच बोटं तोंड उघडलं

छाया,

तुझ्या सासूच्या तोंडात कॅन्सर आहे असं कळलं, त्याच दिवशी मी पान खाणं सोडलं. तिला रोज पान लावून द्यायचो तो मीच. ती गेली आणि इतक्या वर्षांच्या सुपारीनं माझंही तोंड आवळत चाललं. मागच्या दिवाळीत जेमतेम एक बोट मावायचं.

आज डॉक्टरबाईंनी मापलं. अडीच बोटं! म्हणाल्या, "आबा, व्यायाम एक दिवस चुकवलेला दिसत नाही." बाहेर येऊन गाडीवर बिनतिखटाची पाणीपुरी खाल्ली, न फोडता, आख्खी. गाडीवाला म्हणाला, "बाबा, सावकाश, मी कुठं पळून नाही चाललो." मी म्हटलं, "दोन वर्षांनी खातोय, तू देत राहा."

तेव्हा आज माझं जेवण मिक्सरमधून काढू नकोस. भाकरी टाक, चावून खाईन.

मी ओझरला कारखान्याच्या गेटवर शेखरला आणायला निघालोय. डॉक्टरबाई सातपर्यंत थांबणार आहेत. त्याला फोन करू नकोस, लगेच ओव्हरटाइम सांगेल. पान खायला पोरगा माझ्याकडूनच शिकला. त्याचं तोंड अजून कुणी तपासलेलं नाही.

आबा