चार वाजताचा हिरवा ग्लास

६ एप्रिल, रविवार

कलाने चहा नाकारला!

चार वाजता नेहमीप्रमाणे मीच केला — आलं, गवती चहा, तिची अर्धा चमचा साखर. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली; स्वयंपाकघरातलं माझ्याकडे हे एवढं एकच खातं आणि ते मी निष्ठेने सांभाळलंय. कप पुढे केला तर म्हणाली, "मला नको." का? "नको म्हणजे नको." सकाळीही घेतला नव्हता, हे आता आठवतंय. मग शेजारी स्टेलाबाईंकडे गेली, येताना एक छोटी बरणी घेऊन आली. दार लोटून आत काहीतरी घुसळलं. बाहेर आली ती हिरवा ग्लास घेऊन, बर्फ वाजवत.

"माचा आहे. गार असतो. डोकं उतरतं."

डोकं दुखतंय हे मला कधी सांगितलं?

अर्थात जबड्याखालच्या गाठीचं मी तरी तिला कुठे सांगितलंय. गुरुवारी डॉक्टरांनी दाबून पाहिली. "तुकडा काढून तपासू या," म्हणाले. काल फोन करून येत्या शुक्रवारची वेळ घेतली — ठाण्यात. डोंबिवलीत गेलो तर संध्याकाळपर्यंत सोसायटीला कळेल आणि कला जेवण टाकेल. रिपोर्ट येईपर्यंत तोंड बंद.

७ एप्रिल, सोमवार

आज दार लोटायला विसरली. प्रत्यक्ष पाहिलं.

आधी पावडर बारीक चाळणीतून चाळते — गुठळ्या राहतात म्हणे. मग कोमट पाणी. उकळतं नाही, बोट बुडवून बघते. मग बांबूची एक कुंचली. मला दाढीचा ब्रश वाटला! त्या कुंचलीने वाटीत फर्रर्र करून डावी-उजवीकडे घुसळायचं. गोल फिरवायचं नाही. फेस आला की उंच ग्लासात थोडा मध, बर्फ, गार दूध आणि सगळ्यात वर ते हिरवं. थर मोडला की चेहरा पडतो. आमच्या गुरुजींनी होमसुद्धा इतक्या काटेकोरपणे केला नसेल.

"शेवाळाचा नैवेद्य कोणत्या देवाला?" मी विचारलं.

हसली नाही. माझ्या विनोदाला न हसणं नवीन नाही. पण बघत राहिली. नको तितका वेळ.

"एवढ्या उकाड्यात वरचं बटण कशाला लावलंय?"

"शिस्त," म्हटलं.

९ एप्रिल, बुधवार

बरणीवर लेबल नाही, हे आधी टिपून ठेवतो. सोमवारपासून मागच्या बाजूला रोज स्केचपेनने खूण करतो. रोज एक चमचा कमी होतो, म्हणजे एकटीच पिते. हे चांगलं की वाईट, ठरवता येत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

ठाण्याला जाऊन आलो. पाण्याच्या प्रश्नावर पत्रकार परिषद आहे, अशी थाप मारली. माझ्यासारख्या स्थानिक वार्ताहराला ही सोय असते — पाण्याचा प्रश्न कधी संपत नाही. "सांभाळून जा," म्हणाली. पत्रकार परिषदेला सांभाळून?

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमची जुनी फाइल आहे, डेंग्यूच्या वेळची. नंबर तोच ठेवलाय, चालेल ना?" म्हटलं, चालेल. सुई आत गेली तेव्हा मनात 'रामः रामौ रामाः' सुरू केलं. चतुर्थीपर्यंत पोचलो तोवर संपलं होतं. रिपोर्ट पुढच्या शनिवारी.

टेंभी नाक्याजवळच्या कॅफेत स्टेलाबाईंची लेक निकोल कामाला आहे. बरणीचा उगम तिथेच असणार! बातमीच्या मुळाशी जायची सवय. गेलो.

"निकोल, ती माचा म्हणजे कसली पावडर गं?"

"अंकल, टी आहे ना! चहाचीच पानं. सावलीत वाढवतात, मग दळतात. जपानी चहा."

चहा!

म्हणजे बाईसाहेबांनी चहा सोडलेला नाही. माझा चहा सोडलाय.

१२ एप्रिल, शनिवार

आज एकच कप केला. आलं घातलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

स्टेलाबाई चर्चमधून झावळीची पानं घेऊन येत होत्या. जिन्यात थांबवलं. आडून आडून विचारायला गेलो, पण त्यांच्यापुढे आडून काही चालत नाही.

"अवो भाऊ, तुम्हाला नाय सांगितलं तिने? चाय सोडलीय. नवस बोललीय! मी कसा ईस्टरपर्यंत पाव सोडलाय, तसंच. डोकं धरून बसलेली, म्हणून निकोलने आणलेली ती हिरवी पावडर दिली मी. औषधीच असते ती."

"नवस? कशासाठी?"

"ते मी कसं विचारू? आणि ती कशी सांगेल? बोलून दाखवला तर फळत नाय ना. पण काळजीत आहे हां. डोळे बघा तिचे एकदा."

उर्वीसाठी! दुसरं काय असणार. पोरीला जर्मनीत शिकायला जायचंय, व्हिसा अडकलाय, पुण्यात फोनवर डोळे लावून बसलीय. मी एवढं न्यायशास्त्र शिकलो, पण समोर धूर दिसत असून अग्नी भलत्याच डोंगरावर शोधत होतो.

म्हणजे परिस्थिती अशी: बाईने लेकीसाठी चहा सोडलाय आणि रोज चारच्या ठोक्याला, चाळून, घुसळून, बर्फ घालून ती चहाच पितेय. तिला माहीत नाही. स्टेलाबाईंनाही नाही. मला आहे.

मी नवस मानत नाही. जन्मभर टिंगल केली — म्हणून तर मला सांगितलं नसेल. सांगावं तर कोसळेल, आणि उर्वीला नकार आला तर तो स्वतःच्या माथी मारून घेईल. न सांगावं तर रोज माझ्या डोळ्यांदेखत मोडतोय. देव नाही, हे ठीक. पण समजा असला तर? आणि नेमका चोखंदळ असला तर?

१५ एप्रिल, मंगळवार

फडके रोडवरून शेवग्याच्या पाल्याची पावडर आणली. हिरवी, बारीक, आयुर्वेदिक. कला भाजीला गेली तेवढ्यात बरणी रिकामी केली, शेवगा भरला — बरोबर शेवटच्या खुणेपर्यंत. माचा कुंडीतल्या कढीपत्त्याला. एम. ए. संस्कृत, वय सत्तावन्न, आणि बायकोची बरणी बदलतोय!

चार वाजता पेपराआडून बघत होतो. चाळली. घुसळली. फेस काही येईना, पुन्हा घुसळली. पहिला घोट घेतला आणि थांबली.

"अहो."

"काय?"

"काही नाही."

सगळा ग्लास संपवला. तोंड वाकडं न करता. मग गॅलरीत जाऊन उर्वीला फोन. हळू आवाजात, बराच वेळ.

१७ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस ती स्वयंपाकघरात एकटीच हसते. मी गेलो की थांबते. संशय पुन्हा सुरू.

१८ एप्रिल, शुक्रवार

उद्या रिपोर्ट. आज गाठ मोठी वाटतेय. मग छोटी वाटतेय. उर्वीकडून अजून काही नाही.

"बटण काढा हो," कला म्हणाली. "गुदमराल."

१९ एप्रिल, शनिवार

साधी गाठ. काळजीचं काही नाही.

हे मला कलाने सांगितलं! मी ठाण्याला निघालेलो, एक चप्पल पायात, तर तिने स्वतःचा फोन पुढे केला. डेंग्यूच्या वेळी फॉर्म तिनेच भरलेला. फाइलवर नंबर तिचा. मी वेळ घेतली त्या दिवसापासून सगळे मेसेज तिलाच.

"मग नवस उर्वीसाठी नव्हता?"

"व्हिसासाठी चहा सोडीन होय मी?" आणि रडायला लागली. मग रडता रडताच — "शेवगा पहिल्या घोटाला कळला हो मला. माहेरी दारात झाड आहे. उर्वीला विचारलं, बाबांनी हे का केलं असेल? ती म्हणाली, आई, माचा म्हणजे चहाच."

"बरं, आता तरी घेशील ना? टाकू?"

"आधीचे माचाचे नऊ दिवस भरून द्यायचेत. आजपासून."

चार वाजता शेवगा घुसळला. मी — डावी-उजवीकडे, गोल नाही. दोन ग्लास.

भयंकर लागतो. तोंड वाकडं न करता संपवला.