सतराव्या उताऱ्यापासून

प्रिय खारूताई,

तुझी वही-पुस्तकाची पिशवी काकांच्या हाती मिळाली त्याला आज तीन आठवडे झाले आणि मी अजून साधी पोचसुद्धा दिलेली नाही, म्हणून आधी मला मनसोक्त ओरडून घे. घेतलंस? आता नीट बस. पेन्सिल तोंडातून काढ. हे पत्र लांबणार आहे. मी कच्चं लिहून मग पक्कं करतोय, म्हणजे खाडाखोड दिसणार नाही, पण ती झालेली आहे एवढं लक्षात ठेव.

घरी सगळे बरे आहेत. बाबा पाठीला पट्टा लावून खिडकीत बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं चालणं कसं चुकतंय ते आईला सांगतात. आईनं तुझी पाच ओळींची चिठ्ठी वाचली तेव्हा ती आधी म्हणाली, या कार्टीचं डोकं फिरलंय, येऊ दे घरी, चांगली झोडते. मग संध्याकाळी भांडी घासताना मध्येच थांबली आणि म्हणाली, खरंच नाही का रे बसणार ती परीक्षेला? चिठ्ठी मला आता पाठ आहे. तू बारावीचा फॉर्म भरणार नाहीस. इंग्रजीचे उतारे तुला कळत नाहीत, आणि जे कळत नाही ते तीन तास कळल्याचं सोंग करण्यात अर्थ नाही. मावशीच्या शिवणाच्या दुकानात काज-बटणाचं काम आहे, ते तुला जमतं. वही रद्दीत टाक, पुस्तक कुणाला हवं असेल तर दे. आणि शेवटची ओळ: तू माझ्यासाठी शाळा सोडलीस, ते मी वाया घालवलं, माफ कर.

या शेवटच्या ओळीमुळे मला तीन आठवडे लागले. तिचं उत्तर देण्याआधी मला काही गोष्टी तपासायच्या होत्या, आणि तुला माहीत आहे, मी एकदा तपासून थांबत नाही.

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो. तू मैत्रिणींना सांगतेस ना, माझ्या दादाच्या नजरेतून एक अक्षर सुटत नाही? ते खरं आहे. प्रेसमध्ये माझं टेबल मशीनच्या खोलीला लागून, काचेच्या भिंतीआड आहे. मशीन चालू झालं की कपातला चहा थरथरतो. मशीनवाल्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण मशीन बंद असतानाही तो ओरडूनच बोलतो. प्रूफ हातात आलं की मी त्यावर लोखंडी पट्टी ठेवतो, खालच्या ओळी झाकतो आणि वाचायला लागतो, पण शेवटून. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या आधीचा, असं करत पानाच्या सुरुवातीपर्यंत. हे मला जुन्या प्रूफवाल्या आबांनी शिकवलं. ते म्हणायचे, सरळ वाचलंस की गोष्टीत गुंततोस, आणि गुंतलास की चूक हातावर तुरी देऊन पळते. म्हणून अर्थाच्या नादी लागायचं नाही. मी कधीच लागलो नाही. बारावीच्या उताऱ्यांचं ते अख्खं पुस्तक, तुला बाइंडिंगमधून निघालेली पहिली प्रत आणून दिली ते, मी उलटं वाचलंय. त्यातला एकेक शब्द मला अक्षराअक्षरानं माहीत होता, आणि एकाही उताऱ्यात काय आहे ते माहीत नव्हतं. भोंग्यानं एकदा विचारलं होतं, काय रे पंडित, काय लिहिलंय त्यात? मी म्हटलं, सगळं बरोबर लिहिलंय. तो हसत सुटला. मला त्यात हसण्यासारखं काय ते तेव्हा समजलं नाही.

आता शाळेचं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही, तेव्हा तूही पोटात ठेव. बाबांची पाठ धरली, मी नववीत होतो आणि मी तुझ्या शिक्षणासाठी शाळा सोडून प्रेसमध्ये लागलो, असं आपल्या घरात सांगतात. पाहुणे आले की आई सांगतेच. तू तेव्हा इतकी लहान होतीस की ते ऐकतच मोठी झालीस. पण झालं होतं असं की, सहामाहीत इंग्रजीचा एक उतारा आला होता, खाली पाच प्रश्न. मी तो सात वेळा वाचला. पेपर हातात आला तेव्हा पाचही उत्तरांवर लाल फुल्या होत्या. उतारा कशाबद्दल होता ते मला आजही सांगता येणार नाही, फुल्या मात्र नीट आठवतात. पाचवी जरा वाकडी होती. कुणाला विचारलं नाही, का चुकलं म्हणून. विचारलं असतं तर आणखी एक गोष्ट न कळणारी ऐकावी लागेल अशी भीती वाटली. त्याच महिन्यात बाबांची पाठ धरली आणि प्रेसमध्ये माणूस हवाय हे मला कळलं. मी घरी सांगितलं तेव्हा आई रडली. मला तर सुटल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं मी त्या रडण्याचं श्रेय घेत आलो. तेव्हा तू माझं काही वाया घालवलेलं नाहीस, खारूताई. मी तुझ्यासाठी काही सोडलंच नव्हतं. मी पळालो होतो.

तुझी वही रद्दीत टाकायला म्हणून उचलली आणि सवयीनं उघडली. तू प्रत्येक पानावर तारीख आणि वार लिहितेस, हे माझं वळण. आधी उतारा सोडवायचा, मग पुस्तकाच्या शेवटची उत्तरं उघडून लाल पेनानं आपणच तपासायचं, हाही माझाच उपदेश. तुझ्या वर्गात तो पाळणारी तू एकटीच असशील. पहिल्या सोळा उताऱ्यांत ऐंशी प्रश्न, त्यांतले तुझे सहासष्ट बरोबर. दोनदा मोजले. सोळावा उतारा तू एका मंगळवारी सोडवलास, पाचपैकी पाच. बुधवारी सतरावा: पाचपैकी भोपळा. अठराव्यात एक. एकोणिसाव्यात एक. शेवटपर्यंत तसंच, कुठे एक, कुठे दोन, कुठे भोपळा. मी पानं मागे-पुढे करत राहिलो. पहिल्यांदा वाटलं, त्या बुधवारी काहीतरी झालं असणार, कुणी काही बोललं असेल, ताप आला असेल. मावशीला फोन करून विचारलंही, तुझं नाव न काढता आडून-आडून. ती म्हणाली, बुधवारी? बुधवारी आमच्याकडे काय होणार, इस्त्री बिघडली होती.

माणूस हळूहळू मागे पडतो, ते मी स्वतःवरून जाणतो. पण मंगळवारी हुशार असलेली मुलगी बुधवारी एकदम ढ होईल कशी?

मग मला तू समासात लिहिलेलं दिसलं. सतराव्या उताऱ्यात, चौथ्या प्रश्नाच्या फुलीशेजारी, बारीक अक्षरात: पण तो आळशी असता तर सगळ्यांच्या आधी दुकान का उघडलं असतं? आणि त्याखाली: पुस्तक म्हणतंय म्हणजे असेल. खारूताई, त्या ओळीमुळे मी शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा एक इंग्रजी उतारा सरळ वाचायला घेतला. कोण आळशी, कुणाचं दुकान, ते मला बघायचंच होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला, शब्दकोश दुसऱ्या बाजूला. तीन सुट्ट्या लागल्या. तो एक घड्याळजी निघाला. त्याच्या दुकानाबाहेरचं मोठं घड्याळ कायम चुकीची वेळ दाखवतं, आणि रोज कुणीतरी आत शिरून त्याला सांगतं की बाबा रे, तुझं घड्याळ चुकलंय. आत आलं की त्या माणसाला आपलं स्वतःचं बंद पडलेलं घड्याळ आठवतं. मी एकटाच मोठ्यानं हसलो. भोंगा काचेवर टकटक करून विचारायला लागला, काय झालं? मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, बेरकी आहे लेकाचा. म्हणजे बघ, भोंग्यालाही कळलं की तो आळशी नाही.

मी पाच प्रश्न सोडवले. चार उत्तरं तुझ्यासारखीच आली, पाचवं मला जमलं नाही. पुस्तकातल्या उत्तरांशी मात्र एकही जुळेना. पहिला विचार काय आला असेल? एकाच आईची लेकरं, दोघंही सारखीच ढ. खरंच सांगतो, अर्धा दिवस मी तसंच मानून बसलो. पुस्तक चुकेल असं मनात येईना, कारण ते पुस्तक मी तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तरांच्या पानावर पट्टी ठेवली आणि ती एक ओळ खाली सरकली. अर्थ मला मेहनतीनं लागतो, पण अक्षरांची ओळ मी झोपेतही ओळखेन. सतराव्याची तुझी उत्तरं होती ए, सी, बी, सी, डी. आणि पुस्तकात अठराव्यापुढे छापलं होतं ए, सी, बी, सी, डी. मी तुझा अठरावा काढला. तो एकोणिसाव्याच्या ओळीशी लावून पाहिला. पाचपैकी चार. एकोणिसावा विसाव्याशी. पाचपैकी चार. मग मी डबा बंद केला आणि अडतिसाव्यापर्यंत गेलो. एकशे दहा प्रश्नांत तुझे एक्याण्णव बरोबर आहेत. पुस्तकाला नुसती अक्षरं छापायची असतात, ए, बी, सी, डी. ती कुठल्याही प्रश्नाखाली शोभतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वर्गात पहिले दहा-बारा उतारे होतात, पुढचे कुणी सोडवत नाही, किंवा उत्तरं आधी बघूनच सोडवतात. शेवटपर्यंत प्रामाणिकपणे जाणाऱ्यालाच ते पुस्तक खोटं पाडत होतं. विसाव्या उताऱ्याजवळ तू लिहिलं होतंस, कळत नाही. पंचविसाव्यापासून पुढे तू समासात काहीच लिहिलेलं नाहीस. नुसत्या फुल्या. त्या कोऱ्या समासांकडे बघवत नव्हतं मला. नववीतला माझा पेपर असाच दिसत होता.

एकोणचाळिसाव्या, शेवटच्या उताऱ्याची खरी उत्तरं तर कुठेच छापलेली नाहीत. तो मी स्वतः सोडवला, शब्दकोश घेऊन, दोन रविवार. तुझी आणि माझी पाचही उत्तरं जुळली. ही माझी तपासणी कितपत धरायची ते तू ठरव. वही सोबत पाठवतोय. तुझ्या फुल्या खोडलेल्या नाहीत, त्यांच्या शेजारी पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत, म्हणजे तुला स्वतः पडताळून बघता येईल.

हे सगळं एवढ्या सावकाश सांगितलं, कारण शेवटची गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. पुस्तकात आधी चाळीस उतारे होते. छपाईच्या दिवशी सकाळी पुस्तकवाल्या सरांचा फोन आला, तो सतरावा काढून टाक, मागच्या वर्षीच्या पुस्तकात होऊन गेलाय. मी तो काढला, पुढच्या सगळ्यांचे आकडे बदलले. मग उत्तरांच्या पानावर पाहिलं तर चाळीस ओळी. एक जास्त. मी शेवटची ओळ काढून टाकली. उतारे एकोणचाळीस, ओळी एकोणचाळीस. दोनदा मोजलं, जुळलं, आणि सही केली. ते पान मी सरळ वाचलं असतं, एक उतारा तरी सोडवून बघितला असता, तर तुझ्या वहीत त्या फुल्या पडल्या नसत्या. खारूताई, तू चुकली नव्हतीस. मी चुकलो होतो, आणि सजा तू भोगलीस, तीही मी शिकवलेल्या पद्धतीनं, स्वतःच्या हातानं. उद्या सकाळी मी मालकांसमोर वही ठेवून सगळं सांगणार आहे, मगच ती काकांकडे देईन. शुद्धिपत्र तयार केलंय, पुस्तक जिथं जिथं गेलं तिथं ते जायला हवं. आणखी कुणीतरी कुठेतरी काज-बटणाला लागलं असेल. मालक ठेवतील की काढतील माहीत नाही. पण त्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार आहे, हे तुझ्या हातात गुरुवारी पडेल. काजं करायची असतील तर खुशाल कर, पण येत नाही म्हणून करू नकोस. माझ्यासारखं पळून जाऊन करू नकोस. आणि हो, मी लिहिलेलं काहीही पाठवण्याआधी शेवटून सुरुवातीकडे वाचतो, हे तुला ठाऊक आहे. हे पत्र मात्र आज सरळ वाचणार आहे. एखादं अक्षर चुकलेलं सापडलं तर लाल पेनानं फुली मार, आणि का चुकलं ते मला लिही.

तुझाच,
आता सरळ वाचायला लागलेला,
दादा