तुमचा डबा आता वाजतो

देवळी,
दिवाळीनंतरचा मंगळवार, २००६

श्रीयुत मुकेशभाऊ यांस हेमराजचा साष्टांग नमस्कार.

जावयानं साळ्यापुढे साष्टांग घालावा अशी रीत आपल्याकडे नाही. उलट आजवर तुम्हीच माझ्या पायांवर पाणी घालून टॉवेल हातात देत आलात. तरी घालतो. यावरून प्रकरण केवढं असेल ते ओळखा. तुमची प्रकृती, वहिनींचे गुडघे, पुण्याचं पाणी, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल आहे. (हे वाक्य आधी रिवाज म्हणून लिहिलं, मग वाचून पाहिलं, तर खरंच आहे असं दिसलं, म्हणून राहू दिलं.) पत्र लिहिण्याचं कारण असं की फोन दुकानात आहे, आणि दुकानात फोनवर बोललेली गोष्ट मी घरी जेवायला पोचण्याआधी बसस्टँडवर पोचलेली असते.

तुम्ही मागे फोनवर म्हणालात, माझा तो डबा जपून ठेवा, येईन तेव्हा नेईन. डबा म्हणजे तोच, तुमच्या साहेबांनी बढतीच्या वेळी दिलेला सिगारचा लाकडी डबा, जो तुम्ही वहिनींच्या भीतीनं पुण्यात ठेवू शकला नाहीत आणि अण्णाजींच्या भीतीनं इथे उघडू शकला नाहीत, म्हणून टॉवेलात गुंडाळून आमच्या कपाटात लपवून गेलात. (तुमचे वडील ते. किराण्याचं दुकान असून ज्यांनी जन्मात बिडीचं बंडल विकायला ठेवलं नाही, त्यांच्याच घरात तुम्ही हा माल लपवलात. तुमच्या छातीला मी मानतो.) तर भाऊ, डबा जपूनच ठेवला आहे. फक्त त्याला आता एक दांडा आहे आणि तीन तारा आहेत.

रागावण्याआधी पुढचं वाचा. दुकानाचा माल आणायला मी वर्ध्याला गेलो होतो. गाडीला वेळ होता म्हणून सोयाबीनचे भाव पाहायला सायबर कॅफेत शिरलो. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या कॉम्प्युटरवर अमेरिकेतला एक म्हातारा दिसला. अंगात मळकं जाकीट, तोंडात दात बेताचेच, आणि मांडीवर एक डबा. डब्यातून काठी आरपार गेलेली, काठीवर तारा, आणि म्हातारा बाटली घेऊन तारांवरून अशी फिरवत होता की आतून कुणीतरी रडत-हसत होतं. मी सोयाबीन विसरलो. काय डबा आहे हा, असं विचारलं तर तो शेजारचा माणूस म्हणाला, सिगारचा आहे काका, तिकडे गरीब लोक असेच वाजवायचे. भाऊ, खरं सांगतो, गाडी चुकली. पुढच्या गाडीत उभ्यानं आलो आणि वाटेत एकच विचार: एक काठी, एक डबा, तीन तारा. म्हणजे आपलं तुणतुणंच की, फक्त चौकोनी आणि दोन तारा जास्त. हे तर मलाही जमेल.

तुमच्या डब्याला मी लगेच हात लावला नाही, एवढी नीती माझ्यात आहे. पहिली गिटार वनस्पती तुपाच्या पत्र्याच्या डब्याची केली. ती वाजवली की शेजारच्या कमलाबाई भांडी घेऊन बाहेर यायच्या आणि कल्हईवाला कोणत्या गल्लीत आहे असं विचारायच्या. दुसरी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची केली. ती एवढी मोठी झाली की वाजवायला उभं राहावं लागे आणि ठेवायला जागाच नव्हती, शेवटी जयानं तिच्यावर पापड वाळत घातले. तिच्या तारा मी सायकलच्या ब्रेकच्या केबलमधून काढल्या होत्या. केबल उलगडली की आत सुरेख बारीक तारा निघतात हे मला नवीनच कळलं होतं, त्या आनंदात केबल काढली की ब्रेक लागत नाही हे जुनं ज्ञान मागे पडलं. बाजाराच्या उतारावर समोर बैलबंडी आली. कापसाची होती म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. माझा नुसता अर्धा देह कापसात आणि पाय वर, अशा स्थितीत मला काढलं. बंडीवाल्यानं कापूस दाबला गेला म्हणून शिव्या दिल्या त्या वेगळ्या. मग जया म्हणाली, इतका जीव जाऊन राह्यला तं तो भाऊचा डब्बा घ्या न एकदाचा. म्हणजे परवानगी तुमच्या सख्ख्या बहिणीची आहे, हे ध्यानात असू द्या.

आता अण्णाजींकडे वळतो, कारण सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. तुम्ही पुण्याला गेलात, त्यानंतर त्यांचे कान पार गेले. तुम्ही पाठवलेलं कानाचं मशीन त्यांनी लावून पाहिलं, त्यात शिट्ट्या वाजतात म्हणून काढून ठेवलं. गिऱ्हाइकाचे ओठ पाहून ते दुकान अजूनही चालवू शकतात. पण भजन ओठ पाहून म्हणता येत नाही. ज्या भजनी मंडळात ते एकेकाळी पुढे बसून पहिल्या ओळीची उचल करायचे, तिथे त्यांचा सूर सुटायला लागला. हरिदास पेटीवाले भला माणूस, आधी त्यांनी अण्णाजींच्या हातात झांज दिली, म्हणजे गाणं कमी होईल. मग झांजेचा ठेकाही वेगळ्या गावाला जायला लागला, तेव्हा झांज काढून प्रसाद वाटायचं काम दिलं. तेव्हापासून दर शनिवारी अण्णाजी धुतलेलं धोतर नेसून जायचे, भिंतीला टेकून लोकांची तोंडं हलताना पाहायचे आणि शेवटी फुटाणे-गूळ वाटून घरी यायचे. फोनवर तुम्ही आम्हाला विचारायचात, बाबा कसे आहेत, आणि आम्ही सांगायचो, मजेत. ते मजेत नव्हते, भाऊ.

तर त्या दुपारी मी तुमच्या डब्याला दांडा बसवून तारा चढवत होतो. दांडा जुन्या दाराच्या सागवानी पट्टीचा, डब्यातून आरपार गेलेला, मागे वीतभर शेंडा बाहेर, आणि झाकणाला आवाजासाठी एक गोल भोक. या कामाला तीन हात लागतात आणि मला देवानं दोनच दिले. अण्णाजी झोपून उठले होते, त्यांना खूण केली, जरा धरा. त्यांनी दोन्ही हातांनी डबा धरला आणि हलू नये म्हणून दांड्याचा शेंडा हनुवटीखाली दाबला. मी खुंटी पिळली आणि तार ताणली गेली का पाहायला टिचकी मारली.

अण्णाजी जागच्या जागी थांबले. आधी वाटलं, तार तुटून लागली. मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "जवाईबापू, आकीन एक डाव वाजवा." मी वाजवली. त्यांनी डोळे मिटले. दुसरी तार वाजवली. तिसरी वाजवली. मला तर काहीच वाजवता येत नाही, तीन उघड्या तारा, त्याही बेसूर. पण तुमच्या बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ओरडून सांगत होते (बहिरा माणूस हळू बोलतो कुठे), की हाडातून येऊन राह्यलं, बापू, हाडातून येऊन राह्यलं! जया पिठाच्या हातानं बाहेर आली. मी अजून टिचक्या मारतच होतो, कारण थांबलो तर हे जाईल अशी मला भीती वाटली. मुकेशभाऊ, मी कुठल्या देवाचा फार भक्त नाही. पण त्या दुपारी अंगणात मी एका सिगारच्या डब्यासमोर हात जोडले.

नंतर वर्ध्याच्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, यांचा कानाचा रस्ता बंद आहे, पण हाडाचा रस्ता उघडा आहे, असं असतं काही लोकांचं, हाडावर लावायचं मशीनही मिळतं. मी अण्णाजींना ते पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी विचारलं, त्याले तारा हायेत का? नाहीत म्हटल्यावर त्यांनी पाटी पुसून टाकली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगून खरं वाटणार नाही. अण्णाजींनी सबंध घर हाडानं ऐकलं. गोदरेजच्या कपाटाला कपाळ लावलं आणि मला वाजवायला सांगितलं. शिलाई मशीन, मिक्सर, पीठगिरणीचा खांब, काही सोडलं नाही. वर्ध्याच्या एसटीत पुढच्या सीटच्या दांड्याला हनुवटी लावून बसले आणि उतरल्यावर मला सांगितलं की या गाडीचं इंजिन दुखण्यात आहे. (सेलसुऱ्याजवळ ती बंद पडली, असं दुसऱ्या दिवशी कळलं.) एकदा ते आमच्या फ्रिजला कपाळ टेकून डोळे मिटून उभे होते, तेव्हा कमलाबाई विरजण मागायला आल्या. त्या आल्या पावली परत गेल्या आणि गल्लीभर सांगितलं की अण्णाजींले सगळ्या वस्तूत देव दिसून राह्यला. दोन बाया पाया पडून गेल्या. मी त्यांना समजावून सांगणार होतो, मग वाटलं, त्या फार काही चुकीचं करत नाहीत.

यातून त्यांनीच शोध लावला की कानामागच्या हाडाला दांड्याचा शेंडा लावला तर आवाज जास्त खुलतो, आणि मुख्य म्हणजे तोंड मोकळं राहतं. लहान पोर खांद्यावर घ्यावं तसा ते तुमचा डबा घेतात, खोकल्याच्या औषधाची बाटली तारांवर फिरवतात आणि गातात. मी इतके महिने खपून जे वाजवू शकलो नाही ते त्यांनी आठवड्यात धरलं. शनिवारी संध्याकाळी असेच डबा खांद्यावर घेऊन ते मारुतीच्या देवळात गेले. मी मागे चाललो होतो. सूर सुटला असता, तर त्यानंतर तो माणूस घराबाहेर पडला नसता. आत गेल्यावर त्यांनी आधी हरिदासच्या पेटीवर वाकून कपाळ टेकलं, एक पट्टी दाबून धरायला सांगितली, आणि तिथेच बसून खुंट्या पिळत तारा लावल्या. सगळे पाहत होते, कुणी हसलं नाही, पण हसायच्या तयारीत होते. मग अण्णाजींनी उचल केली.

लागला, भाऊ. सूर लागला. थोडा कापरा, म्हाताऱ्या माणसाचा, पण जिथे लागायला हवा तिथेच जाऊन बसला. पहिल्या कडव्यानंतर हरिदासनी पेटीवरून हात काढले आणि नुसते ऐकत राहिले. अमेरिकेतला तो मळक्या जाकिटाचा म्हातारा मला तिथे भिंतीला टेकून बसलेला दिसला असता तरी नवल वाटलं नसतं. भजन संपलं तेव्हा अण्णाजी सवयीनं प्रसादाच्या ताटाकडे उठले. हरिदासनी त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं आणि त्यांच्या डब्यावर बोट ठेवून म्हणाले, "परसाद दुसरा कोनी वाटन, अण्णाजी. तुमी बसा." अण्णाजींना ते ऐकू आलं नाही. पण कळलं.

अजून एक सांगायचं राहिलं. माझी हर्षा जन्मली तेव्हा अण्णाजींचे कान गेलेले होते. मांडीवर खेळवली, शाळेत पोचवली, पण नातीचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. परवा ते डबा खांद्यावर घेऊन बसले असताना हर्षानं खेळता खेळता डब्याच्या भोकाला तोंड लावलं आणि "आबाजी" अशी हाक मारली. अण्णाजींनी दचकून मागे पाहिलं. त्यांना वाटलं माझ्या सासूबाई आल्या. तुमच्या आई जाऊन इतकी वर्षं झाली. ते म्हणाले, "हा तं यशोदेचा आवाज हाये." मग त्यांनी हर्षाला तासभर सोडलं नाही, कविता म्हणायला लावल्या, पाढे म्हणायला लावले. शेवटी ती कंटाळून भोकात जांभई देऊन गेली. ती जांभईसुद्धा त्यांना यशोदाबाईंचीच वाटली.

असो. पत्र फार लांबलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चूकभूल द्यावी घ्यावी, डबा मात्र मागू नये.

तुमच्या घरचा जावई,
हेमराज

ता. क. डब्यातल्या सिगारांचं काय झालं असं तुम्ही विचाराल. त्या कमलाबाईंच्या नजरेला पडल्या. मी घाबरून झाडपाल्याचं औषध आहे म्हणून सांगितलं. त्यांनी एक कुस्करली, चुना लावून तळहातावर मळली आणि दाढेखाली धरली. म्हणाल्या, गुनकारी हाये. तेव्हापासून रोज एक नेत होत्या, आता संपल्या. तुमच्या साहेबांना कळवा की माल देवळीत पसंत पडला.

ता. क. दुसरा. खरं काम हे की येताना दोन-तीन रिकामे डबे आणा. हरिदासनाही आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि ते रोज आमच्या अंगणातून जाताना उगाच थांबतात.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालात टाकायचं म्हणून गल्ल्यावर ठेवलं होतं, ते अण्णाजींनी वाचलं. (डोळे शाबूत आहेत हे मी विसरलो.) खाली त्यांनी आपल्या हातानं लिहिलं आहे, ते तसंच पाठवतो.

"मुकेश, डब्बा मी देत नाई. तो कोनाचा हाये ते मले पयल्याच दिवशी समजलं, वास का लपते काय. त्याच्यासाठी मी रागावत नाई. तू फोन करते तं जयासंग बोलते, जवाईबापूसंग बोलते, मले काई समजत नाई. तुया आवाज कसा होता ते मी विसरून गेलतो. हे मी कोनाले सांगतलं नाई. डब्बे आनले नाई तरी चालन. तू येजो, अन् या भोकात तोंड घालून मले एक डाव बाबा म्हनजो."